पायाळूची कंबर

निरवांगीत कुणाची कंबर धरली किंवा पाठीत उसण भरली, की आधी साखरबाईचे घर गाठायचे, ही रीत इतकी मुरलेली होती की तिच्याविषयी कुणी वेगळे बोलतही नसे. साखरबाई पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असे त्या भागात मानतात. दुखणाईत माणूस ओट्यावर पालथा पडे. साखरबाई एका हाताने खांब धरून डाव्या पायावर उभी राही आणि उजव्या पायाची टाच त्याच्या कमरेवर टेकवून अलगद उचली. लोक त्याला लाथ म्हणत. पण झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण सारावे, इतकाच तो स्पर्श असे.

कळायला लागल्यापासून ती हे करत आली होती. तिचा बाप मेंढरे राखायचा. पावसाळा सरला की कळप कोकणाकडे निघत. उन्हाळ्याच्या अखेरीस परत आलेली माणसे थकून पालथी पडली की छोट्या साखरीला उचलून त्यांच्या पाठींवरून चालवत. पुढे मेंढरे गेली, शेतात पाणी आले, ऊस उभा राहिला. साखरबाईचे लग्न झाले, नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परतली. गावची लेक म्हणून ती अख्ख्या गावाची आत्या झाली. भाऊ गेल्यावर भाचा युवराज आणि त्याची बायको यांनी तिला काही कमी पडू दिले नाही; पण त्या घरात आपण कोण, या प्रश्नाला तिच्याजवळ एकच उत्तर होते. ओट्यावर माणसे येत. पाठीला पाय लागल्यावर ती लगेच उठून जात नसत. बसत, चहा घेत, लेकीसुनांचे सांगत. ती माणसे आली नसती, तर दिवसभर तिच्याशी बोलायला कोण होते?

म्हणूनच पेंडीचे पोते सरकवताना तिच्या स्वतःच्याच कमरेत कळ उठली, तेव्हा तिने ती कुणाला सांगितली नाही.

दुखणे आठवडाभरात जाईल असे तिला वाटले होते. ते गेले नाही. डाव्या पायावर उभे राहून उजवा उचलला की कमरेत लखकन चमक निघे आणि तोल जाई. पायाळूचीच कंबर धरली हे बाहेर फुटले असते, तर तिच्या ओट्यावर पाठ टेकायला कोण आले असते? मग ती सबबी सांगू लागली. कधी अमावस्या निघे, कधी पायाला चिखल्या झालेल्या असत. मागच्या आळीतला गेणू ट्रॅक्टर चालवायचा. त्याची कंबर हंगामात हमखास धरे. तो आला तेव्हा आज वार बरा नाही म्हणून तिने त्याला परत पाठवले. पुन्हा आला तेव्हा ती गोठ्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

युवराजची मुलगी श्रेया बारामतीला कॉलेजात होती. सुटीला आली असताना तिने आजीला अंथरुणातून कुशीवर वळून, भिंत धरून उठताना पाहिले. तिने घरात गवगवा केला नाही. आजीचे डोळे दाखवायचे आहेत एवढेच सांगितले आणि तिला घेऊन बारामतीची एसटी धरली.

दवाखाना धर्मादाय होता आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नुकतीच एक नवी पद्धत सुरू केली होती. कंबरदुखीचा रुग्ण आला की तो आधी त्यांच्याकडे जात नसे, फिजिओथेरपिस्ट उत्कर्षाच्या खोलीत जाई. ती तपासणार, बहुतेकांचे उपचार तीच करणार, आणि ज्याला एक्स-रेचा फोटो, रक्ततपासणी किंवा डॉक्टर लागेल त्याला पुढे पाठवणार. दिवाळीपर्यंत करून पाहू, मग कायमचे ठरवू, असे डॉक्टर म्हणाले होते. लोक मात्र नाराज होते. लांबून यायचे, आणि ना सुई, ना फोटो, ना कमरेचा पट्टा. एका मुलीने नुसते प्रश्न विचारायचे आणि वाकायला लावायचे.

साखरबाईलाही तिने प्रश्नच विचारले. पडला होतात का, ताप येतो का, वजन उतरले आहे का, पायातली ताकद कमी वाटते का. लघवी होताना कळते का, बसायच्या जागी बधिर वाटते का, हेही तिने तितक्याच शांतपणे विचारले. मग गुडघ्यावर हलकेच हातोडी मारून पाहिली, पायांचा जोर पाहिला, तळव्यांवरून कापूस फिरवला आणि शेवटी वाकायला सांगितले. साखरबाई गुडघ्यापर्यंत हात नेऊन थांबली.

“दुखलं का?” उत्कर्षाने विचारले.

“न्हाय. पन दुखंल की.”

उत्कर्षा हसली. ती काटेवाडीची होती. हे बोलणे तिच्या घरचेच होते. “हाडाला किंवा शिरेला काही झाल्याचं दिसत नाही, आजी. आधी कंबर धरली, आणि तेव्हापासून तुम्हीच कमरेला धरून बसलाय. जपून जपून ती ताठली आहे. दुखतंय म्हणजे मोडलंय, असं नसतं.”

“फोटो न काढताच कळतं व्हय?”

“विचारून आणि तपासून पुष्कळ कळतं. फोटोची गरज वाटली असती, तर मीच पाठवलं असतं.”

हे उत्तर साखरबाईला फारसे पटले नाही. पण त्या मुलीने पाठीला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन करून घेतले होते, ते तिने पाहिले होते. उत्कर्षाने मग विचारले, की दुखणे नसते तर तुम्ही काय केले असते, जे आता होत नाही? हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. उपचार कुठवर न्यायचा, ते त्यातून ठरत असे. साखरबाई अडखळली. मग देवळाची पायरी चढायची आहे, असे म्हणाली.

त्याप्रमाणे उत्कर्षाने तिला घरी करायचे व्यायाम दिले: उताणे झोपून गुडघे हलवायचे, खुर्चीवरून हात न टेकता उठायचे, आणि खांब धरून उजवा पाय बुटक्या पाटावर ठेवून वर चढायचे. पुढच्या खेपेला तिने ते करून दाखवायला सांगितले, तेव्हा साखरबाई डाव्या पायावर बरीच स्थिर उभी राहिली. पण उजवी टाच पाटाला टेकते न टेकते तोच तिने उचलली.

“भार द्या, आजी. पायरी आहे ती.”

“भार द्यायचा नसतू.”

“मग चढणार कशा?”

“पायरी कुठली, पोरी,” साखरबाई नाइलाजाने म्हणाली, “माणूस असतू तितं.”

कोपऱ्यात बसलेल्या श्रेयाने कपाळाला हात लावला, आणि मग सगळेच सांगावे लागले. उत्कर्षाने मध्ये कुठेही तोडले नाही. ती लहान असताना तिच्या वडिलांनाही गाडीवर बसवून एका पायाळू बाईकडे नेले होते; येताना ते ताठ चालत आले होते, हे तिला आठवत होते. शिकल्यावर तिला कळले, की बहुतेक उसण काही दिवसांत आपोआपच उतरते. ते ती आता बोलली नाही. समोरच्या बाईचे आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभे होते, तिच्याखालची वीट काढायचा अधिकार आपल्याला पदवीने दिला आहे, असे तिला वाटत नव्हते.

पण एक गोष्ट तिला गप्प बसू देईना. ओट्यावर पालथ्या पडणाऱ्या पुष्कळांत एखादा असा असतो, की त्याचे दुखणे साधे नसते. कुणी पडलेला असतो आणि मणका चेपलेला असतो. कुणाची शीर दबून लघवी अडलेली असते. अशा माणसाला ताबडतोब डॉक्टर लागतो. तिने ते समजावून सांगितले आणि म्हणाली, की पाय लावण्याआधी एवढे विचारत जा, आणि तसे काही असेल तर इकडे पाठवा.

साखरबाईने पदर सावरला. “मी हिकडं पाठवाय लागले, तर माझ्याकडं येतंय कोण? पायाळूलाच आपल्या पायाची खात्री न्हाय म्हनतील.”

उत्कर्षाने आग्रह धरला नाही. मात्र बोललेले परतही घेतले नाही. व्यायाम थांबवायचा विषय तर निघालाच नाही. त्या दिवसापासून तिने पाटाऐवजी जाड उशी आणली आणि टाच टेकवून उचलण्याचाच सराव सुरू केला. साखरबाईची कंबर सुटू लागली. ती गोठ्यात वाकू लागली, बादली उचलू लागली. गावात मात्र अजून कुणाला पाय लावायला ती धजत नव्हती.

आणि अशाच एका खेपेला, व्यायाम संपवून ती अनवाणीच पाणी प्यायला बाहेर आली, तर बाकावर गेणू बसला होता.

“आत्या? तुमी हितं?”

“डोळं दाखवाय आले.”

“डोळ्याचं वरच्या मजल्यावर हाय. हितं सगळी कंबरवाली.” गेणूने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिले, तिच्यामागच्या उघड्या दाराकडे पाहिले, आतल्या खाटेकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा उजळला. “म्हंजे दवाखान्यानं तुमाला नेमलंय व्हय? तरीच गावात पाय लावीनात! आन् मी येडा, मला वाटलं, युवराजदादाशी माझं बांधावरनं वाजलं त्येचा राग धरला तुमी. म्हनून तर हितं आलो, तुमास्नी चोरून.”

साखरबाईला नाही म्हणता आले असते. ती हो म्हणाली नाही. “बस,” एवढेच म्हणाली, “बाई बोलावतील तवा जा.” परतीच्या एसटीत लासुर्णे येईपर्यंत तिच्या छातीत धडधडत होते, पण त्या धडधडीत थोडे सुखही होते, हे तिला कळत होते. गावाला कळले तर काय, या भीतीत तिने इतके दिवस काढले होते; आणि आता गावाला भलतेच काही कळणार होते.

ते गावाला संध्याकाळीच कळले. आत्याला बारामतीच्या दवाखान्यात बसवले म्हणून लोक युवराजला थांबवून विचारू लागले. पुढच्या आठवड्यात उत्कर्षाच्या खोलीबाहेर निरवांगीची माणसे दिसू लागली, मग शेजारच्या निमसाखरची. “पायाळू आत्या कवा बसत्यात?” लोक विचारत. उत्कर्षा तपासायला लागली की कशीबशी उत्तरे देत, व्यायाम शिकवला की हसत, आणि बाहेर जाऊन वाट पाहत बसत. मोठे डॉक्टर रागावले नाहीत. पण लोकांचा समज असाच होणार असेल, तर आधी डॉक्टर ही जुनीच पद्धत बरी, असे त्यांनी तिला बोलून दाखवले.

साखरबाई पुन्हा आली, तेव्हा उत्कर्षाने तिला आत घेऊन दार लावले आणि जे घडले ते सांगितले. “मला कुणी विचारलं, तर इथे कुणी पाय लावत नाही, एवढं मी सांगणारच. पण तुम्ही इथे का येता, हे माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा, आजी.”

साखरबाईने ठरवून टाकले होते. आजची खेप शेवटची करायची. नोकरी सोडली म्हणून गावात सांगायचे. कंबर तर सुटतच आली आहे. पदर डोक्यावर घेऊन ती बाहेर पडली. बाकावर बनाबाई होती.

बनाबाई तिच्याच वयाची, तिच्याबरोबर वाढलेली. आदल्या दिवशी न्हाणीत पाय घसरून ती पाठीवर आपटली होती, आणि तेव्हापासून तिला कूस बदलता येत नव्हती. तिच्या मुलाने जीपमधून आणले होते. उत्कर्षाने सकाळीच तिला तपासून, पाठीच्या मधोमध बोट लावताच ती कळवळली हे पाहून, तातडीने फोटोला पाठवले होते; पण बनाबाई बाकावरून हलायला तयार नव्हती.

“आलीस का साखरे,” ती म्हणाली. “टेकव पाय आन् मोकळं कर मला. फोटूबिटू काय नगं. ही पोरगी ऐकंनाच.”

बाकावरची सगळी माणसे साखरबाईकडे पाहू लागली. गेणूही होता, त्याने उठून तिला जागा केली.

“मी न्हाय लावत,” साखरबाई म्हणाली.

“का? हितं मोठी झालीस म्हनून?”

“पडलीयास तू. आत मोडलं असंल, तर माझ्या पायानं आनखी मोडंल.”

“आजवर कुनाचं मोडलं न्हाय ते माझंच मोडतंय व्हय? ये, हितंच पडते मी खाली.” आणि बनाबाई खरोखरच बाकाचा कठडा धरून उठायची धडपड करू लागली. तिच्या तोंडून कण्हणे निघाले आणि रंग उतरला. मुलगा तिला धरायला धावला.

उत्कर्षा दारात उभी होती. तिने बोलावे असे साखरबाईला त्या क्षणी फार वाटले.

“बने, बस खाली,” साखरबाई म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच वेगळा लागला. “मला हितं कुनी नेमलं न्हाय. माझीच कंबर धरली व्हती. पेंडीचं पोतं सारताना. पाय उचलंना, म्हनून तुमास्नी अमुशा सांगत व्हते. गेणू, तुला बी खोटं सांगितलं. मी हिच्याकडं पेशंट म्हनून येते.”

आधी बनाबाईच हसली. हसताना कळ आल्याने तिने तोंड वाकडे केले, तरी तिला हसू आवरेना.

“पायाळूची कंबर धरली! म्हंजे आमी जल्मभर लाथा खाल्ल्या त्या फुकटच म्हनायच्या.”

बाकावर हशा पिकला. निमसाखरचे दोघे उठून चालते झाले. साखरबाईचे कान तापले. आता इथून गावापर्यंत ही गोष्ट तिच्या आधी पोचणार, हे तिला स्वच्छ दिसत होते. हसू ओसरले तसे बनाबाईने तिच्याकडे नीट पाहिले आणि आवाज खाली आणला.

“गुन आला का मग?”

“वाकाय येतंय. थोडं दुखतंय अजून. पन भ्या गेलं.”

“आन् मला व्यायाम का न्हाय सांगत ती?”

“तू पडलीयास. तुझं येगळं हाय. आधी फोटू.”

बनाबाईने मुलाचा हात सोडून साखरबाईपुढे हात केला. “मग तूच चल संगं. त्या अंधाऱ्या खोलीचं मला भ्या वाटतंय.” तोवर उत्कर्षाने चाकांची खुर्ची आणवली होती. बनाबाईला अलगद तीत बसवले, आणि साखरबाई तिचा हात धरून शेजारून चालत गेली.

फोटोत एक मणका चेपलेला निघाला. मोठ्या डॉक्टरांनी बनाबाईला दाखल करून घेतले. पायांतली ताकद शाबूत आहे, पाठ सांभाळली तर चालेल-फिरेल, असे त्यांनी मुलाला सांगितले. ती लगेच आली, पाठीवर कुणाचा भार पडू दिला नाही, हे बरे झाले, असेही ते म्हणाले. नव्या पद्धतीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत, आणि उत्कर्षानेही विचारले नाही. सकाळी कंबरदुखीचे रुग्ण आधी तिच्याच दारात उभे असत.

निरवांगीत मात्र साखरबाईचा ओटा रिकामा झाला. कुणी तिला वाईट बोलले नाही. हौदावर बायका थोडे हसल्या, पोरांनी लंगडत चालून दाखवले, युवराजच्या बायकोने आपल्या आत्येसासूची बाजू घेऊन एकदोघींना झाडलेही. फक्त पाठी आल्या नाहीत, आणि पाठींबरोबर येणारे बोलणेही आले नाही. चहाची वेळ झाली की साखरबाई खांबाला टेकून रस्त्याकडे बघत बसे. उत्कर्षाने दिलेला व्यायाम ती नेमाने करत होती. डाव्या पायावर आता ती खांब न धरताही उभी राहत होती, आणि हे कुणाला दाखवावे हे तिला कळत नव्हते.

शेवटच्या तपासणीला ती एकटीच गेली. परतीच्या गाडीत गेणू भेटला. तोही उत्कर्षाकडूनच येत होता. शेजारी बसून तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. काटेवाडी मागे पडली, दोन्हीकडे ऊस लागला, तेव्हा त्याने आपली कंबर निम्म्याने उतरल्याचे सांगितले. ट्रॅक्टरवर सलग बसायचे नाही, मधून उतरून चालायचे, असे बाईंनी बजावले होते. मग जरा घुटमळून तो म्हणाला, “आत्या, रागावू नका. पन तुमी एकदा पाय लावाल का? बाईंचं चालूच ठेवतो मी.”

गाडी एका खड्ड्यातून गेली आणि दोघांनीही नकळत पुढची दांडी धरली.

“माझ्या पायानं काय व्हतं का न्हाय,” ती म्हणाली, “ते मला खरंच म्हाईत न्हाय, गेणू. आधी सुदिक म्हाईत नव्हतं. पन तू येत जा.”

“पाय लावाय?”

“बसाय. पाय लावायचा का न्हाय, ते इचारून ठरवू.”

गेणूने मान हलवली. संध्याकाळी गायीची धार काढून झाली की येतो, म्हणाला. साखरबाई म्हणाली, ये, मात्र दूध घेऊन ये. आमची म्हैस आटलीय, आणि आलेल्या माणसापुढे बिनदुधाचा चहा ठेवायला मला बरे वाटत नाही.